जुनी गाडी घरी रोलरने रंगवता येते का? येते, पण आधी एक गोष्ट ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोटी, चंदेरी रंगाची जुनी हॅचबॅक आहे. टपावरचा आणि बॉनेटवरचा पारदर्शक थर पोपडे धरून उडालाय, दोन दारांच्या खालच्या कडेला रंग फुगलाय. इंजिन ठणठणीत आहे. पूर्ण रंगकामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जातो, म्हणून ऑइल पेंट आणि फोमचा रोलर घेऊन घरीच काम उरकता येईल का? आणि केलं तर ते दिसेल कसं, टिकेल किती?

करता येतं. पण डबा उघडण्याआधी हे ठरवा की गाडी किती अंतरावरून बरी दिसली म्हणजे तुमचं समाधान होणार आहे. दहा पावलांवरून एकसारखी, स्वच्छ दिसली तरी पुरे असेल, तर तीन पातळ हात मारून थांबा. जवळ गेल्यावर बारीक दाणेदार पोत दिसेल, तो स्वीकारा. जवळूनही गुळगुळीत आणि चकचकीत हवी असेल, तर पाच-सहा हात मारावे लागतील, मधे मधे पाण्याने घासावं लागेल आणि शेवटी सगळी गाडी पॉलिश करावी लागेल. रोलर फक्त रंगाची जाडी चढवतो. गुळगुळीतपणा त्या जाडीचा वरचा भाग घासून काढल्यावर येतो. हे लक्षात न घेता लोक दोन जाड हात मारतात, संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग होतो आणि दोष रोलरला जातो.

गनशिवाय गाडी रंगवणं हा काही आडमार्ग नाही. 1920 च्या दशकात लवकर वाळणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि स्प्रे गन आली, त्याआधी बऱ्याच गाड्या बग्ग्यांसारख्याच ब्रशने रंगवल्या जात. थर चढवायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा, असं एकेका गाडीचं काम आठवडे चाले. तुम्ही करणार आहात ते मुळात तेच काम आहे, फक्त रंग आणि हत्यार जरा बरं आहे.

रंग कोणता घ्यायचा यावर अर्धं काम ठरतं. ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक एनॅमल. लोखंडी दारं-खिडक्यांना लावतो तोच प्रकार. तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू कडक होतो, आणि हा हळूपणाच रोलरसाठी वरदान आहे. रोलर फिरवला की पृष्ठभागावर बारीक उंचवटे उठतात. रंगाचा पृष्ठताण त्यांना सपाट करू पाहतो, घट्टपणा अडवतो. रंग जितका वेळ ओला राहील तितका तो बसतो. यात एक गणित कामाचं आहे: थराची जाडी तेवढीच राहिली आणि उंचवट्यांमधलं अंतर निम्मं झालं, तर ते सपाट होण्याचा वेग सोळा पट होतो. म्हणून अगदी बारीक छिद्रांचा, घट्ट फोमचा, चार इंची रोलर लागतो. भिंतीचा लोकरी रोलर मोठे उंचवटे सोडतो, ते सपाट बसायच्या आत रंग धरतो, म्हणजे घट्ट होऊ लागतो.

नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला बाजारात एनसी म्हणतात, ते रोलरने लावायच्या भानगडीत पडू नका. दुसरा फेरा मारायच्या आत ते चिकट होतं आणि ओढलं जातं. शिवाय त्याचा थिनर फोम खाऊन टाकू शकतो. भिंतीचा पाण्याचा अ‍ॅक्रिलिक रंग गाडीच्या पत्र्यासाठी नाही, तो स्वस्त मिळाला तरी नको. बोटींसाठी एकाच डब्यात येणारा पॉलियुरेथेन एनॅमल मात्र मिळाला तर जरूर घ्या. तो ब्रश आणि रोलरने लावण्यासाठीच बनवलेला असतो, सपाट उत्तम बसतो आणि उन्हात साध्या ऑइल पेंटपेक्षा जास्त दिवस चमक धरतो. डबा महाग पडतो, तरी मी तुमच्या जागी असतो तर टप आणि बॉनेटपुरता तरी तोच घेतला असता.

उरला तो हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं द्रव्य, मिसळून वापरायचा दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन). गॅरेजवाले आज तोच मारतात. रोलरनेही लागतो, पण मिसळल्यावर काही तासांतच वापरून संपवावा लागतो, लवकर धरतो आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दम्यासारखा त्रास जडू शकतो आणि एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसली की ती आयुष्यभर सुटत नाही. साधा कार्बनचा मास्क त्यासाठी पुरेसा मानत नाहीत. काही जण ऑइल पेंट लवकर कडक व्हावा म्हणून त्यात हाच हार्डनर घालतात. तो घातला की धोकाही तोच येतो. पहिल्यांदा, घरी, मुलंबाळं आसपास असताना हे करू नका.

आता रंगछटा. तुमची गाडी चंदेरी आहे आणि तो मेटॅलिक रंग रोलरने परत आणता येणार नाही. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण असतात आणि ते सगळे साधारण एकाच दिशेला निजले तरच रंग एकसारखा दिसतो. गनमधून तुषार पडताना ते तसे निजतात, रोलर त्यांना वाटेल तसे ढकलतो आणि पट्टे उठतात. तुम्ही साधा, कणविरहित राखाडी घ्या. दारं उघडल्यावर आतल्या चौकटीला, बॉनेटखाली आणि डिकीत जुना चंदेरी तसाच राहणार आहे. राखाडी त्याच्याशी जुळतो, लाल किंवा निळा केलात तर प्रत्येक वेळी दार उघडताना ठिगळ दिसेल. फिके रंग खाचखळगे पोटात घालतात, काळा सगळे दाखवतो. पिवळा आणि लाल नीट झाकत नाहीत, हातावर हात मारावे लागतात. बहुतेक देशांत गाडीच्या नोंदणीत रंगाचा उल्लेख असतो, त्यामुळे चंदेरीचा राखाडी केलात तरी आपल्याकडचा नियम बघून तशी नोंद करून घ्या.

मॅट किंवा सॅटिन फिनिशचा विचार केला नसेल तर करून बघा. चकाकी नसली की पत्र्याची लाट आणि रोलरचा पोत दोन्ही फारसे दिसत नाहीत आणि शेवटची पॉलिशची मेहनत वाचते. तोटा असा की मॅट पृष्ठभाग घासून दुरुस्त करता येत नाही. कुठे खरचटलं तर तो अख्खा पत्रा पुन्हा रंगवायचा. जीपसारख्या गाडीला मॅट शोभतो. छोट्या हॅचबॅकवर मला तो अर्धवट राहिलेल्या कामासारखा वाटतो, पण ही आवडीची गोष्ट आहे.

दारांच्या कडेला रंग फुगलाय, तिथे आधी जा. रंगाचा फुगा दिसतो तेव्हा गंज बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो. दाराच्या पोकळीत काचेवरून पाणी उतरतं आणि ते बाहेर जायला दाराच्या तळाला छोटी भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि खालची दुमड सडते. तारेने ती भोकं मोकळी करा. ती मोकळी न करता बाहेरून कितीही चांगला रंग लावलात तरी फुगा परत येणार. आणि रंगवताना प्रायमर किंवा पुट्टीने तीच भोकं पुन्हा बुजवू नका, हे इतक्यांदा होतं की मुद्दाम सांगतोय.

मग फुग्यात पेचकसाचं टोक जोर देऊन टोचा. पत्रा टणक लागला तर गंज वरवरचा आहे. टोक आरपार गेलं तर तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. पुट्टीने, म्हणजे जिला गॅरेजमध्ये लांबी म्हणतात तिने, भोक बुजवता येतं हे खरं, पण ती मागून पाणी पिते आणि काही महिन्यांत सुटते. दाराच्या कडेला ही तडजोड एक वेळ चालेल. दाराखालचा उंबरठ्याचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बांधलंय ती जागा, सीट बेल्ट जिथे पत्र्याला बांधलेले असतात त्या जागा, इथे मात्र पुट्टी भरून वर रंग मारणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे सड निघाली तर रंगाचा विषय बाजूला ठेवून आधी वेल्डरकडे जा.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या सँडपेपरने (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. फुग्याच्या कडेला थांबू नका. रंगाखाली गंज दिसतो त्यापेक्षा थोडा पुढे पसरलेला असतो, म्हणून सभोवताली बोटभर तरी मागे जा. खड्ड्यांमध्ये जे काळे ठिपके उरतात त्यांना गंज-परिवर्तक लावा. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोह फॉस्फेट करतं. टॅनिक आम्लाचा प्रकार असेल तर जागा निळसर काळी पडते. बाटलीवर धुवायला सांगितलं असेल तर धुवा, पूर्ण सुकवा. सुट्या, पापुद्रे धरलेल्या गंजावर हे काम करत नाही. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर लावा. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर पाणी सगळ्यात चांगलं अडवतो. तो मिळाला नाही तर झिंक फॉस्फेटचा. प्रायमर ब्रशने लावला तरी चालतो, घासायचाच आहे.

पुट्टी पातळ थरांत भरा आणि कोरडीच घासा. ती सच्छिद्र असते, पाण्याने घासली तर पाणी धरून ठेवते आणि पुढे तिथेच रंग फुगतो. आधी 80, मग 180, शेवटी 320, आणि कायम लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. नुसत्या हाताने घासलं की बोटांच्या ओळीचे खळगे पडतात. डोळ्यांवर विसंबू नका, डोळे मिटून तळवा फिरवा. तळव्याला लागणारा उंचवटा चकाकत्या रंगाखाली हमखास दिसतो.

टपावरचा आणि बॉनेटवरचा पारदर्शक थर ही तुमची खरी डोकेदुखी आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याची पकड जाते आणि तो नखाने निघेल असा होतो. पकड सुटलेल्या थरावर जे काही लावाल ते त्याच्यासकट उडेल. त्यामुळे जेवढा सुटतो तेवढा सगळा काढायचा, आणि जिथे तो घट्ट आहे तिथली कड इतकी उतरती घासायची की बोटाला पायरी लागता कामा नये. ही पायरी राहिली तर नव्या रंगातून नकाशातल्या बेटांसारख्या रेघा दिसतील. पारदर्शक थर अर्ध्याहून जास्त गेला असेल, तर उरलेला राखत बसण्यापेक्षा 240 ने सगळाच उतरवा, वर प्रायमरचा एक हात द्या आणि 400 ने सपाट करा. जास्त काम वाटतं, पण वेळ कमी लागतो.

बाकी गाडीचा जुना रंग धरून असेल तर तो उतरवायची गरज नाही. तोच उत्तम पाया आहे. 400 च्या वॉटर पेपरने चमक मरेपर्यंत घासा. चमकणारा ठिपका कुठेही राहिला, तर तिथे नवा रंग नुसता बसेल, पकड धरणार नाही. पण घासण्याच्या आधी गाडी धुवून मेण आणि सिलिकॉन काढा, नंतर नाही. आधी घासलं तर पेपर ते मेण ओरखड्यांमध्ये कोंबतो. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या फवाऱ्यात सिलिकॉन असतं. त्याचा अंश राहिला तर ओला रंग तिथून मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात, वर कितीही हात मारा. डिग्रीझर किंवा मिनरल टर्पेंटाइन एका फडक्याने लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. एकच फडकं वापरलं तर मेण फक्त जागा बदलतं.

गाडी फार जुनी असेल किंवा तिच्यावर आधी कधी कुणी हाताने रंग मारला असेल, तर एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर एनसी थिनर घेऊन मिनिटभर चोळा. रंग विरघळून फडक्याला लागला तर खाली लॅकर आहे. सुरकुतला तर ऑइल पेंट आहे. काहीच झालं नाही तर कंपनीचा भाजलेला किंवा हार्डनरचा रंग आहे. ऑइल पेंट या तिन्हींवर बसतो, कारण त्याचं टर्पेंटाइन सौम्य असतं. उलटं मात्र चालत नाही, आणि त्याची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागते, त्यावर शेवटी येतो. जुन्या रंगांमध्ये शिसंही असू शकतं, त्यामुळे कोरडी धूळ उडवण्यापेक्षा शक्य तिथे पाण्याने घासा आणि ते पाणी मुलं खेळतात तिथे वाहू देऊ नका.

मास्किंगमध्ये, म्हणजे रंग नको ते भाग टेपने झाकण्यात, कंजुषी केलीत तर ती कायम दिसत राहील. दिवे, वायपर, आरसे, हँडल, नंबर प्लेट, बोधचिन्हं जे सुटतं ते सोडवा. काचेभोवतीचं रबर सुटत नसेल तर त्याच्या ओठाखाली बारीक दोरी सरकवा. रबर उचललं जातं, रंग त्याच्या खाली जातो आणि दोरी काढल्यावर कड झाकली जाते. एकदा लावलेला टेप शेवटपर्यंत चालेल असं धरू नका. काम आठवडे चालणार आहे आणि उन्हात भाजलेला टेप गोंद मागे ठेवतो. शेवटचा हात हाताला न लागण्याइतका सुकला की टेप स्वतःवर दुमडून सावकाश ओढा. रंग पूर्ण कडक होऊ दिलात तर टेपबरोबर त्याची कडही तुटून येईल.

जागा सावलीची, वाऱ्याच्या झोतात नसलेली, पण हवा खेळती असलेली हवी. झाडाखाली नको. साधारण 15 ते 30 अंश तापमान उत्तम. तापलेल्या पत्र्यावर रंग बसायच्या आत धरतो. संध्याकाळी उशिरा काम काढलं तर रात्रीच्या दवाने चमक मरून पांढुरकी झाक येते. म्हणून सकाळी, दव पूर्ण सुकल्यावर सुरुवात करा. जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ कमी उठते. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. बंद गॅरेजमध्ये कोपऱ्यात गॅसची शेगडी किंवा हीटर चालू असेल तर ती तिथपर्यंत पोहोचते. कार्बन काडतुसाचा मास्क वापरा, कापडी मास्क वाफ अडवत नाही. आणि ऑइल पेंटने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, ढिगाऱ्यात ती साठते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

रंग किती पातळ करायचा, यावर लोक भांडतात. पाण्यासारखा पातळ करून दहा-बारा हात मारायची एक पद्धत आहे. त्यात पोत कमी उठतो हे खरं, पण उभ्या पत्र्यावर ओघळ येतात, कडांवरून रंग पळतो आणि काम संपता संपत नाही. मी 10 टक्के टर्पेंटाइनपासून सुरुवात करतो आणि उष्णतेप्रमाणे 15-20 टक्क्यांपर्यंत जातो. काठी उचलली की रंगाची धार सलग पडावी आणि शेवटी सुटे थेंब व्हावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या बॉनेटच्या, फ्रिजच्या किंवा कुठल्याही गुळगुळीत पत्र्याच्या तुकड्यावर, तो उभा करून आणि आडवा ठेवून, आधी हात मारून बघा. डबा कोणताही असो, थिनर त्याच्यावर लिहिलेलाच वापरा. रंग वापरण्याआधी बारीक जाळीतून किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या.

छोट्या गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला सहा पातळ हातांसाठी साधारण तीन लिटर रंग पुरतो. सगळा एकाच वेळी विकत घ्या आणि मोठ्या भांड्यात एकत्र करून ठेवा. वेगवेगळ्या बॅचच्या डब्यांत छटेचा फरक असू शकतो आणि तो दाराच्या मधोमध उघडा पडतो.

प्रत्यक्ष रोलर फिरवणं सगळ्यात सोपं. एका वेळी एकच पत्रा घ्या: अर्धा टप, एक दार, एक मडगार्ड. कोपरे आणि खाचा आधी मऊ ब्रशने भरा, लगेच त्यावरून रोलर न्या. रोलर ट्रेच्या उतारावर दाबून जादा रंग काढा. आधी उभे पट्टे, मग आडवे, शेवटी एकाच दिशेने फक्त रोलरच्या वजनाने, हाताचा दाब न देता. दाब दिला की रोलरच्या कडेने रंगाची रेघ सुटते. भरभर फिरवलं की फोममधली हवा बुडबुडे काढते. थोडे बुडबुडे आपोआप फुटतात. राहिले तर चांगल्या मऊ ब्रशचं कोरडं टोक एकदाच, अलगद, लांब ओढा. बोटी रंगवणारे हेच करतात, एक जण रोलर फिरवतो आणि दुसरा मागून ब्रशचं टोक ओढत येतो. टपासाठी तुम्हालाही दुसरा माणूस लागेल, नाहीतर मधे सांधा येतो.

आणि मग हात काढून घ्या. दोन-तीन मिनिटांनी कुठे फिकं दिसलं म्हणून परत रोलर नेलात की धरू लागलेली कातडी फाटते. किडा बसला तरी बसू द्या. वाळल्यावर घासताना तो जातो, ओल्यात काढायला गेलं की बोटभर जागा बिघडते.

पहिला हात मारल्यावर गाडी बघवत नाही. पट्टे, खालचे डाग, सगळं दिसतं. इथेच लोक घाबरून दुसरा हात जाड मारतात. जाड थर वरून कातडी धरतो, आतून ओला राहतो, आणि सुरकुततो. दिवसाला एकच पातळ हात. तिसऱ्यानंतर ती गाडीसारखी दिसू लागते. दोन हातांमध्ये किती वेळ सोडायचा ते डब्यावर पाहा, कारण काही एनॅमलना दुसरा हात ठरावीक तासांच्या आत किंवा मग पूर्ण कडक झाल्यावरच चालतो. मधल्या काळात लावला तर नव्या थरातला थिनर खालचा फुगवतो.

दर दोन हातांनंतर 600 किंवा 800 च्या वॉटर पेपरने, साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात, ठोकळ्यावर घासा. पेपरवर रंगाच्या चिकट गोळ्या जमल्या तर रंग अजून वाळलेला नाही, थांबा. घासताना उंचवटे आधी निस्तेज होतात आणि खळगे चमकत राहतात. सगळं एकसारखं निस्तेज झालं की पुरे. दाराच्या, बॉनेटच्या धारांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेपची पट्टी लावून ठेवा, नाहीतर दोन घाशांत प्रायमर दिसेल.

शेवटच्या हातानंतर ज्यांना दहा पावलांचं समाधान पुरे आहे त्यांचं काम संपलं. बाकीच्यांनी किमान दोन-तीन आठवडे, थंडीत जास्त, काहीही करू नका. नख दाबून खूण उठत नाही ना ते पाहा. मग 1000, 1500, 2000 असा क्रम, प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरचे ओरखडे पुरते जाईपर्यंत, आणि त्यानंतर रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणायची पेस्ट. मशीन वापरत असाल तर सावकाश, ऑइल पेंट गरम झाला की मऊ पडून ओढला जातो. चकाकी छान येते, पण हार्डनरच्या रंगाची काचेसारखी खोली येणार नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. मेण महिनाभर तरी लावू नका. गाडीवर कव्हरही घालू नका, कापडाचा ठसा उमटतो.

बंपर प्लास्टिकचे असतील तर ते सोडून द्या. ते लवचिक असतात, ऑइल पेंट वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतो आणि बंपर दबला की तडकतो. शिवाय बंपर बहुतेक पॉलीप्रॉपिलीनचे असतात, त्यावर खास चिकटवणाऱ्या प्रायमरशिवाय काहीच धरत नाही. राखाडी गाडीला काळे, दाणेदार बंपर शोभतात. प्लास्टिकसाठी मिळणारा काळा रंग तेवढा आणा.

टिकण्याबद्दल: सावलीत उभी राहणारी गाडी बरीच वर्षं छान राहील. सतत उन्हात असेल तर टप आणि बॉनेट दोन-तीन उन्हाळ्यांत निस्तेज होतील, हात फिरवला की भुकटी लागेल. कंपाउंड मारून ती परत उजळते, दर वेळी थोडी जाडी देऊन. म्हणूनच आडव्या पत्र्यांवर एक-दोन हात जास्त चढवा.

आणि आता ती किंमत. पुढे कधी गाडी गॅरेजमध्ये नीट रंगवायची म्हटलीत तर तुमचा हा ऑइल पेंट सगळा उतरवावा लागेल, कारण एनसी किंवा पीयूचा जहाल थिनर त्याला उचलून सुरकुत्या पाडतो. पेंटर वैतागेल आणि उतरवण्याची मजुरी वेगळी लावेल. विकताना गिऱ्हाईकही विचारेल. गाडी मोडीत निघेपर्यंत तुमच्याकडेच राहणार असेल तर हा विचार करायचं कारण नाही. तिच्यावर अजून प्रेम असेल, किंवा तिला जुनी म्हणून भाव येण्याची शक्यता असेल, तर रोलर लावूच नका. गंज थांबवा, उघड्या जागी इपॉक्सी प्रायमर मारून ठेवा आणि पैसे जमेपर्यंत तशीच चालवा.

करायचंच ठरवलंत तर सुरुवात डिकीच्या झाकणापासून करा, बॉनेटपासून नाही. ते लहान आहे, गाडी चालवताना डोळ्यांसमोर येत नाही, आणि घासण्यापासून पॉलिशपर्यंत सगळे टप्पे त्याच्यावर पुरे करून मग बाकी गाडीला हात घालता येतो. तिथे कंटाळा आला, तर एकच पत्रा वेगळ्या रंगाचा झालाय एवढंच नुकसान. उरलेला रंग छोट्या काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, हवा जितकी कमी राहील तितकी वर कातडी कमी धरेल. बरणीवर रंगाचा नंबर आणि किती टक्के टर्पेंटाइन घातलं होतं ते लिहा. पहिला ओरखडा आला की लागेल.